रोजमेळाच्या पुढचे पान

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव औद्योगिक वसाहतीमुळे लहान उद्योजकांना खुणावते. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य, वाहतूक, जेवणाचे डबे असे सारे काही लागते. व्यापारी घरातील तरुणाला साहजिकच वाटते, की दुकानाच्या जोडीला आपलेही एखादे युनिट असावे. अशा घरात हिशेबाची परंपरा जुनी असते. रोजमेळ, खतावणी, दिवाळीचे वहीपूजन. परंतु वहीत झालेला व्यवहार नोंदला जातो. अद्याप न झालेला व्यवहार कागदावर मांडण्याची सवय मात्र फारशी दिसत नाही. ‘सगळे डोक्यात आहे’ असे म्हणून कामास आरंभ होतो.

डोक्यातील हिशेबात नफा असतो, तारखा नसतात. समजा, एका मशीनशॉपची महिन्याची विक्री चार लाखांची आणि कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे मिळून खर्च ३ लाख २० हजारांचा आहे. महिन्याला ऐंशी हजार सुटतात, म्हणून धंदा चांगलाच म्हणावा लागेल. पण पहिले बिल महिनाअखेरीस निघते आणि त्याचे पैसे ४५ दिवसांनी येतात. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वी अडीच महिन्यांचा खर्च, आठ लाख रुपये, खिशातून करावा लागतो. बिलावरचा जीएसटी तर पैसे येण्याची वाट पाहत नाही. मशीनसाठी कर्ज काढणारे अनेक असतात. हे आठ लाख लिहून ठेवणारे थोडे. मग नफ्यातला धंदा तिसऱ्या महिन्यात घरातील दागिन्यांकडे पाहू लागतो.

बँकेला लागतो म्हणून सीएकडून प्रकल्प अहवाल तयार करून घेतला जातो आणि तो न वाचताच सही होते. येथेच खरी संधी निसटते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२२ च्या सुधारित मर्यादेनुसार उत्पादन उद्योगास ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला असून, या योजनेत अल्पसंख्याक विशेष प्रवर्गात येतात: स्वतःचा वाटा ५ टक्के, ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. मात्र अनुदान आरंभी हाती पडत नाही; ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात अडकून राहते. ते रोख समजून केलेला हिशेब कोलमडतो.

आराखडा लिहिला म्हणजे हात बांधले गेले, ही भीती निराधार आहे. जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या घरगुती बचतीवर रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना तीस लाखांना घेतला, आणि त्यात काढले ते पपेन. बेत बदलता येतो. पण काय बदलले हे कळण्यासाठी आधी काही लिहिलेले हवे.

भाऊभाऊ भागीदार असतील तर आणखी एक पान आवश्यक ठरते. पगार कोणी घ्यावा, नफा केव्हा वाटावा, तोटा झाल्यास दुकानातून किती रक्कम आणावी आणि कोठे थांबावे, हे प्रश्न पैसे गुंतण्यापूर्वी विचारले तर तो हिशेब असतो. नंतर विचारले तर भांडण होते. काही घरांत पाडव्याला नवी वही उघडताना गतवर्षीचा आराखडा शेजारी ठेवतात आणि चुकलेल्या आकड्यांखाली तांबड्या शाईने रेघ ओढतात.