बोर्डाचा हात कोठवर पोहोचतो?

सीमाभागातील मराठी घरांत दहावीच्या वर्षी 'बोर्ड' हा शब्द उठता-बसता ऐकू येतो. पुस्तक अवघड वाटले, शिक्षकाची जागा रिकामी राहिली, वेळापत्रक बदलले, की पालक सारे खापर बोर्डावर फोडतात. बेळगाव-खानापूरकडील हे बोलणे आम्ही मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

कर्नाटकाचे माध्यमिक परीक्षा मंडळ १९६६ साली, राज्याचे नाव म्हैसूर असतानाच, स्थापन झाले. २०२२ मध्ये पदवीपूर्व परीक्षाही त्याच्याकडे आल्या. परीक्षा घेणे व गुण देणे हे त्याचे काम. अभ्यासक्रम आखणारे खाते निराळे, पाठ्यपुस्तके काढणारा संघ निराळा आणि शिक्षक नेमणारे शिक्षण खाते त्याहून निराळे.

मग हे मंडळ म्हणजे नुसती कारकुनी काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या धड्यावर प्रश्न येत नाही तो धडा जानेवारीनंतर वर्गात कोण उघडतो? (आम्हीही शिक्षकच आहोत, अधिक बोलत नाही.) दहावीच्या दीर्घकाळ चालत आलेल्या ६२५ गुणांच्या रचनेत पहिल्या भाषेला १२५ गुण आणि बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण असत. पहिली भाषा म्हणून कन्नड, इंग्रजी, उर्दू यांप्रमाणे मराठीही घेता येते, आणि तिचे गुण इतरांहून तसूभरही कमी नाहीत.

तरीही आठवीच्या प्रवेशाच्या वेळी कित्येक सुशिक्षित मराठी पालक पहिल्या भाषेपुढे इंग्रजी लिहून मोकळे होतात. मराठी घेतल्यास कन्नड कच्चे राहील, अशी भीतीही पुष्कळांना वाटते. वास्तविक २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे शाळांना बंधनकारक केले आहे. मराठी पहिली घेणारा मुलगा कन्नडही शिकतोच, आणि या राज्यात राहायचे तर ते त्याने मन लावून शिकावे.

मराठी घेणारी मुले रोडावली की मराठीच्या शिक्षकाचे पद राखणे कोणत्याही मुख्याध्यापकास जड जाते. तेथे बोर्डाकडे अर्ज करून उपयोग नसतो. पालकांनी सहीपूर्वी वर्गशिक्षकांना भेटून मुलाच्या तिन्ही भाषा नीट समजून घ्याव्यात, आणि त्या वेळी मुलालाही सोबत आणावे.