शिकारी सुरी, शिंगी मुठीची
शिकार केलेल्या प्राण्याचे कातडे सोलणे, पोट फाडून आतडी काढणे व मांसाचे तुकडे करणे या कामांसाठी वापरण्यात येणारी, एका बाजूला धार असलेली, स्थिर (न मिटणाऱ्या) पात्याची आखूड सुरी. ‘शिकारी’ या विशेषणामुळे हे प्राणी मारण्याचे हत्यार असावे असा समज होतो. परंतु बंदूक प्रचारात आल्यानंतर सुरीचे काम बहुतेक शिकार पडल्यानंतरच सुरू होते. तिचा आकार, जाडी, धारेचा कोन व मुठीची ठेवण या सर्व गोष्टी या कामावरून ठरलेल्या आहेत. कारखान्यात साच्यावर निघणाऱ्या सुरीपेक्षा एकेका ग्राहकाच्या हाताच्या मापाने, एकाच कारागिराने सुरुवातीपासून अखेरपर्यंत घडविलेल्या सुरीस काही देशांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मोठी मागणी आहे. प्रस्तुत नोंदीत अशा सुरीचे पाते व नैसर्गिक शिंगाची मूठ यांच्या घडणीचे वर्णन केले आहे.

इतिहास : शिंगाची मूठ ही केवळ शोभेची कल्पना नव्हे. ओल्या, रक्ताने वा चरबीने माखलेल्या हातातून गुळगुळीत मूठ निसटते. हरणाच्या शिंगाचा खडबडीत पृष्ठभाग निसटू देत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथील सुरी-कात्र्यांच्या उद्योगात मुठींसाठी भारतातून गेलेली सांबराची शिंगे दीर्घकाळ वापरात होती. ही शिंगे महाग पडू लागल्यावर गुरांच्या हाडांवर खाचा पाडून व ती रंगवून शिंगाची नक्कल करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे ही नक्कलच इतकी लोकप्रिय झाली, की तिला स्वतंत्र दर्जा मिळाला.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशिगन राज्यातील विल्यम स्कॅगेल (मृ. १९६३) हा कारागीर चामड्याच्या चकत्या आणि हरणाच्या शिंगाचा तुकडा यांची जोड-मूठ असलेल्या सुऱ्या करीत असे. त्याच्या सुरीने एक मनुष्य होडीवरचा रंग खरवडत असूनही तिची धार बिघडली नाही, हे पाहून डब्ल्यू. डी. रँडल याने १९३७ च्या सुमारास मोटारीच्या कमानीच्या पोलादापासून आपली पहिली सुरी केली, असे सांगतात. रँडलनंतरच्या पिढीतील रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) याने आधुनिक शिकारी सुरीचा आकार जवळजवळ निश्चित केला. त्याच्या सुरीची पाठ टोकाकडे हलकेच उतरत जाते व त्यामुळे टोक पाठीच्या रेषेच्या खाली येते. प्राण्याचे पोट फाडताना टोक आत घुसून आतडे वा मूत्राशय फुटले, तर मांस नासते. उतरत्या टोकामुळे हा धोका कमी होतो.

पाते : पात्याची लांबी साधारणतः ९ ते १० सेंमी., रुंदी सु. २·५ सेंमी. आणि पाठीजवळची जाडी ३ ते ४ मिमी. ठेवतात. नवशिक्यास मोठे पाते अधिक उपयुक्त वाटते. परंतु प्राण्याच्या बरगड्यांच्या आत हात घालून, न पाहता कापावे लागते तेव्हा तर्जनीच्या लांबीएवढे पातेच ताब्यात राहते.

पोलाद निवडताना कठिनता, चिवटपणा व गंजरोध यांपैकी एक गुण वाढविला की बहुधा दुसरा घटतो, हे लक्षात घ्यावे लागते. सुमारे ०·९ ते १ टक्का कार्बन असलेले साधे पोलाद स्वस्त असते, भट्टीत त्यावर संस्कार करणे सोपे असते व त्यास लवकर धार लागते; पण ते गंजते. सु. १ टक्का कार्बन व १६ ते १८ टक्के क्रोमियम असलेली अगंज पोलादे गंजास चांगली टिकतात. मात्र त्यांच्या उष्णता संस्करणास तापमानाचे अचूक नियंत्रण करणारी विद्युत् भट्टी लागते. लव्हलेसने जेट एंजिनांच्या भागांसाठी तयार झालेले मॉलिब्डेनमयुक्त अगंज पोलाद १९७० नंतरच्या काळात सुऱ्यांसाठी वापरात आणले.

पाते घडविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पोलादाचा तुकडा भट्टीत लाल करून ऐरणीवर हातोड्याने ठोकून आकारास आणतात. दुसरीत पोलादाच्या सपाट पट्टीवर आकृती आखून करवत, कानस व सहाणचाक यांनी नको असलेला भाग काढून टाकतात. घडाई केलेले पाते नेहमीच श्रेष्ठ, असे पुष्कळदा सांगितले जाते. आजच्या शुद्ध व एकजिनसी पोलादाच्या बाबतीत ते खरे नाही. पात्याची गुणवत्ता ठोकण्यापेक्षा त्यानंतरच्या उष्णता संस्करणावर अधिक अवलंबून असते. घडाईत पोलाद फार तापविले गेले, तर कण मोठे होऊन पाते उलट ठिसूळ होते.

कानसकाम करण्यापूर्वी पोलाद मऊ असावे लागते. दोन्ही बाजूंचे उतार सारखे करणे हे हाताचे खरे कौशल्य होय. उतार असमान राहिल्यास पाणी देताना पाते वाकते. धारेच्या जागी या टप्प्यावर सु. अर्धा ते एक मिमी. जाडी मुद्दाम राखतात. ती कमी केल्यास तेथे तडा जाण्याचा संभव असतो. मुठीच्या रिव्हेटांची छिद्रेही याच वेळी पाडून घेतात, कारण पाणी दिल्यानंतर साधा गिरमिट त्या पोलादात शिरत नाही.

पाणी देणे व पायन : साधे कार्बनी पोलाद सु. ८०० ते ८१५ से. पर्यंत तापवून तेलात बुडवितात. तापमापक नसल्यास कारागीर लोहचुंबकाचा उपयोग करतो, सु. ७७० से. ला पोलादाचे चुंबकत्व नाहीसे होते, त्यापुढे रंगाची किंचित अधिक उजळ छटा येईतो थांबावयाचे. भट्टी मंद उजेडात ठेवण्याची प्रथा आहे, ती गूढ विद्येमुळे नव्हे, तर प्रखर उजेडात हा रंग ओळखता येत नाही म्हणून. तेल आधी थोडे कोमट केलेले असते. थंड तेल दाट असल्याने उष्णता सावकाश शोषते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते. पाते सरळ, उभे बुडवावे लागते. तिरपे बुडविल्यास ते मुरडते. या क्षणी चूक झाल्यास अनेक दिवसांचे काम वाया जाते. तड गेल्याचा सूक्ष्म आवाज आल्यास ते पाते टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. असे पाते वापरताना तुटले, तर हाताची बोटे गमावण्याची पाळी येते.

तेलातून निघालेले पाते काचेसारखे कठीण पण ठिसूळ असते. कानस त्यावरून न धरता घसरली, तर पाणी नीट बसले असे समजतात. त्यानंतर पाते सु. २०० ते २३० से. तापमानात तास-दोन तास, बहुधा दोनदा ठेवून ठिसूळपणा घालवितात. या क्रियेला पायन म्हणतात. घासून उजळ केलेल्या पृष्ठावर प्रथम फिकट पिवळा, मग गडद पिवळा, जांभळा व शेवटी निळा रंग येतो. शिकारी सुरीच्या धारेस पिवळा रंग पुरेसा असतो. निळा हा कमानीच्या पोलादाचा रंग होय. पायनानंतरची कठिनता रॉकवेल ‘सी’ मापश्रेणीवर ५८ ते ६० च्या आसपास असावी. पुढील घासकामात पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड ठेवतात. सहाणचाकावर धार क्षणभर जरी निळी झाली, तरी तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

शिंग : मराठीत ‘शिंग’ या एकाच शब्दाने दोन भिन्न पदार्थांचा निर्देश होतो व त्यामुळे कारागिराची फसगत होऊ शकते. गाय, म्हैस, मेंढा यांचे शिंग केराटीन या प्रथिनाचे, म्हणजे नख व केस यांच्या जातीचे असते. ते हाडाच्या गाभ्यावर म्यानाप्रमाणे बसलेले असून जन्मभर वाढते. सांबर, चितळ इ. हरणांचे शिंग हे मात्र प्रत्यक्ष हाड असून ते गळून पडते व नव्याने येते. नखासारखे शिंग उष्णतेने मऊ होते व दाबून सपाट करता येते. हरणाचे शिंग तसे होत नाही.

मुठीसाठी सांबराच्या शिंगाची ख्याती आहे, कारण त्याची बाहेरची घन भिंत जाड व आतला सच्छिद्र गाभा लहान असतो. अमेरिकन एल्कच्या शिंगात गाभा मोठा असल्याने घासताना तो लवकर उघडा पडतो. निवडलेले शिंग निदान वर्षभर सावलीत वाळलेले असावे. ओल्या शिंगाची मूठ पुढे आक्रसते व पोलादाची कड बोटाला लागू लागते.

मूठ बसविणे : पात्याच्या मुठीतील भागास येथे शेपटी म्हटले आहे. ती मुठीएवढी रुंद असेल, तर तिच्या दोन्ही अंगांस शिंगाच्या दोन फाका बसवितात. निमुळती असेल, तर अखंड शिंगात छिद्र पाडून ती आत घालतात. फाकांसाठी शक्यतो एकाच शिंगाचे लगतचे भाग घेतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा रंग व खडबडीतपणा जुळतो. आतली बाजू काचेवर पसरलेल्या घासकागदावर घासून पूर्ण सपाट करतात. उजेडासमोर धरल्यावर पोलाद व शिंग यांमधून प्रकाश दिसता कामा नये. या फटीतून रक्त व पाणी आत शिरते आणि वरून सुबक दिसणारी सुरी आतून गंजत राहते. दोहोंमध्ये फायबरचा पातळ थर घातल्यास शिंगाचे आकुंचन-प्रसरण काही अंशी सामावले जाते. गाभ्याची छिद्रे पातळ एपॉक्सी रेझिनाने भरतात. रिव्हेट जोराने ठोकल्यास शिंग उकलते, म्हणून हल्ली रेझिनाचा बंध मुख्य मानून रिव्हेट हलक्या हातानेच बसवितात.

निमुळत्या शेपटीसाठी पूर्वी भारतात लाख वा राळ वितळवून मुठीच्या पोकळीत भरीत. नेपाळमधील खुकरीची म्हशीच्या शिंगाची मूठ याच रीतीने बसविली जाते. शिंग उकळून मऊ झालेल्या गाभ्यात शेपटी दाबून बसविण्याची उत्तरेकडील देशांतील रीतही जुनी आहे.

बाहेरच्या पृष्ठावर शक्य तितके कमी काम करणे इष्ट असते. नैसर्गिक तपकिरी खडबडीत साल घासून काढली, की खालचा पांढरा भाग उघडा पडतो व शिंगाचे वैशिष्ट्यच नाहीसे होते. अपरिहार्यपणे पांढऱ्या झालेल्या जागी पोटॅशियम परमँगॅनेटच्या विरल विद्रावाने तपकिरी रंग देतात. घासताना उडणारी धूळ फुप्फुसास अपायकारक असल्याने नाकातोंडावर मुखवटा बांधणे आवश्यक असते. म्हशीचे शिंग घासताना केस जळल्यासारखा वास आल्यास ते अतितप्त होत आहे असे समजून काम थांबवावे. तापलेल्या शिंगाचे पापुद्रे सुटतात.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात विजयदुर्ग येथे गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू करण्याचा उद्योग पूर्वी होता. वन्य प्राणी संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढील सुधारणा यांमुळे गवा, सांबर, चितळ यांची शिकार व त्यांच्या शिंगांचा व्यापार यांवर बंदी आली. अरण्यात आपोआप गळून पडलेले शिंग उचलून विकणे निरुपद्रवी आहे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु गळालेले शिंग व मारलेल्या प्राण्याचे शिंग तासून मूठ झाल्यावर वेगळे ओळखता येत नाहीत, ही त्यातील अडचण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून सांबरशिंगांची निर्यातही थांबली. परदेशी कारागीर तेव्हापासून जुना साठा, यूरोपातील तांबड्या हरणाची शिंगे किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. भारतातील कारागिरास पाळीव म्हशीचे शिंग हाच सरळ व निर्वेध पर्याय आहे. त्याचे भरीव टोक काळेभोर, चकचकीत व टिकाऊ असते. ओल्या हातात ते निसटू नये म्हणून त्यावर आडव्या खाचा पाडाव्या लागतात.

निगा : साध्या पोलादाचे पाते वापरानंतर धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवितात. सुरी चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नये. कातडे कमाविताना वापरलेली द्रव्ये व चामड्याने शोषलेली आर्द्रता यांमुळे पाते गंजते. मुठीस वर्षातून एकदोनदा जवसाचे तेल किंवा मेण चोळतात. म्हशीच्या शिंगाची मूठ दीर्घकाळ अंधारात पडून राहिल्यास लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या तीत छिद्रे पाडतात; हरणाच्या शिंगास मात्र हा उपद्रव सहसा होत नाही.