गळे तेच, मुखवटे वेगळे

रंगमंचावर पाच माणसे आणि काठीला लावलेले दहा मुखवटे. पाच हिंदूंचे, पाच मुसलमानांचे. एक काठी चेहऱ्यासमोर धरली की जमाव हिंदू, दुसरी धरली की मुसलमान. घोषणा बदलतात, ओरडणारे गळे मात्र तेच!

बंगळूरचे नाटककार महेश दत्तानी यांचे ‘फायनल सोल्यूशन्स’ हे इंग्रजी नाटक त्याच शहरात १९९३ मध्ये प्रथम सादर झाले. बाबरी मशीद पडून तेव्हा वर्षही झाले नव्हते.

दंगलीच्या रात्री जावेद आणि बॉबी हे दोन मुसलमान तरुण जीव वाचवत रमणीक गांधींच्या दारी येतात. रमणीक त्यांना घरात घेतात, पण त्यांनी पाणी प्यालेले पेले वेगळे ठेवले जातात. (असे पेले किती सुशिक्षित घरांत असतील!) बॉबीचे खरे नाव बब्बन. धर्म कळू नये म्हणून त्याने टोपणनाव पत्करलेले. त्याचा मुखवटा काठीवरचा नाही, एवढाच फरक.

घरातली आजी हार्दिका रंगमंचावर दोन रूपांत दिसते. एक वृद्धा, दुसरी १९४८ मध्ये रोजनिशी लिहिणारी पंधरा वर्षांची दक्षा. फाळणीच्या दंगलीत तिचे वडील मारले गेले. पुढे मैत्रीण झरीनच्या घरच्यांनीही तिला दुखावले. तो राग तिने चाळीस वर्षे जपला.

शेवटी रमणीक आईला लपवलेले सत्य सांगतात. झरीनच्या वडिलांचे दुकान जाळले ते हार्दिकाच्याच नवऱ्याने आणि सासऱ्याने. निमित्त धर्माचे, डोळा दुकानावर. मग तेच निम्म्या किमतीत विकत घेतले. घर इतकी वर्षे त्यावरच चालले.

आता त्या दुकानात पाऊल टाकणे रमणीकना जमत नाही.