पगार दरबाराचा, खेळ मैदानावरचा

अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा याला नोव्हेंबर २०२४ मधील आयपीएल लिलावात बंगळूरच्या संघाने ११ कोटी रुपयांना घेतले. खेळाडूचे मोल असे उघड बोलीने ठरते, याचे आता वऱ्हाडात कुणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र खेळावर उदरनिर्वाह करायचा, तर आश्रयदाता शोधावा लागे.

नागपूरचे सी. के. नायुडू हे त्याचे ठळक उदाहरण. १८९५ मध्ये जन्मलेल्या नायुडूंना १९२३ मध्ये होळकर महाराजांनी इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. नेमणूक लष्करी होती, पण बोलावणे फलंदाजाला होते. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा फटकावल्या. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते.

इंदुरात जे काम दरबार करीत होता, तेच त्या काळी अमेरिकेत कारखाने करीत होते. तेथे १९२१ मध्ये 'अमेरिकन सॉकर लीग' ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. बेथलेहेमच्या पोलाद कंपनीचा संघ त्यात होता, तसाच 'जे अँड पी कोट्स' या सुती दोऱ्याच्या कारखान्याचाही. कारखान्यातील नोकरी आणि सामन्याचे मानधन यांच्या ओढीने स्कॉटलंडमधील अनेक खेळाडू अटलांटिक ओलांडून गेले. १९२४-२५ च्या हंगामात बेथलेहेमच्या आर्ची स्टार्कने ६७ गोल केले. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली, ती याच लीगमधील खेळाडूंच्या बळावर.

आश्रय संपला, की खेळाचे काय होते, हेही दोन्हीकडे दिसले. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटनेत वाद पेटला, पाठोपाठ १९२९ ची महामंदी आली. पोलाद कंपनीचा संघ १९३० मध्ये बंद पडला आणि १९३३ मध्ये मूळ लीगही मोडली. इकडे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. परंतु १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५५ नंतर या नावाचा संघ उरला नाही.

अमरावतीने याच काळात वेगळा मार्ग धरला होता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने खेळाडूला वेतन देण्याऐवजी व्यायामशिक्षणाची संस्था उभी केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मंडळ आजही कार्यरत असून शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालविते.

संस्था टिकली, तरी खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. लिलावात मोजक्यांचीच नावे पुकारली जातात. अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या बाकीच्यांची भिस्त अजूनही क्रीडा कोट्यातील नोकरीवर आहे. नायुडूंना दरबाराने जे दिले, ते आज रेल्वे, पोलीस किंवा बँक देते. फरक इतकाच, की तेव्हा ती महाराजांची मर्जी होती. आता ती नियमाने मिळणारी संधी आहे. ती वेळेवर आणि पारदर्शकपणे मिळावी, एवढी अपेक्षा खेळाडूने बाळगणे रास्तच आहे.