'आउट ऑव्ह' म्हणजे 'बाहेर' नव्हे



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत इंग्रजी व्याकरणावर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी आम्ही शिकलो ते नोटिसा, चार्जशीट आणि तडजोडीचे करार वाचून. शब्दकोश शेजारी असेच. मोठे शब्द त्यात सापडत; आम्हांला अडवले ते दोन-तीन अक्षरी शब्दांनी.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याची दोन बोटे गेली. आम्ही १९२३ सालचा नुकसानभरपाईचा कायदा उघडून बसलो. कलम तीनमध्ये अट होती: अपघात 'अरायझिंग आउट ऑव्ह अँड इन द कोर्स ऑव्ह हिज एम्प्लॉयमेंट' असला पाहिजे. 'आउट' म्हणजे बाहेर, हे क्रिकेटमुळे पोरासोरांनाही ठाऊक असते. आम्ही अर्थ लावला की अपघात कामाच्या बाहेर घडलेला हवा. ह्याची बोटे तर कामावरच, यंत्रात गेलेली. कायदा असा उफराटा कसा, एवढे तरी मनात यायला हवे होते. पण कायदे उफराटेच असतात अशी तेव्हा आमची पक्की समजूत होती. आम्ही त्याला सांगितले, "बाबा, हे कलम तुला लागत नाही." तो काही न बोलता घरी गेला, आणि चार दिवसांत मालकाच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर, किरकोळ रकमेच्या बदल्यात, सही करून बसला.

एका वयस्कर वकिलांनी आमची चूक दाखवली. ते म्हणाले, "अहो, 'बाहेर' नव्हे, 'तून'. कामातून उद्भवलेला अपघात." त्या 'तून'ने आम्हांला इंग्रजीची एक खोलीच उघडून दिली.

आपल्या मराठीत 'ऊन' हा एकच प्रत्यय केवढे काम करतो ते पाहा. आत, वर, खाली, मागे अशी जागा आधी सांगायची आणि तिला तो जोडायचा: आतून, वरून, खालून, मागून. इंग्रजीही काही ठिकाणी असेच करते. टेबलाखालून म्हणजे 'फ्रॉम अंडर द टेबल', दारामागून म्हणजे 'फ्रॉम बिहाइंड द डोअर'. ह्या हिशेबाने पेटीतून म्हणजे 'फ्रॉम इन द बॉक्स' व्हायला हवे. पण इंग्रज सहसा तसे म्हणत नाही. ह्या कामासाठी त्याने वेगळी जोडी ठेवली आहे: 'आउट ऑव्ह द बॉक्स'.

निघण्याचे तीन शब्द त्याच्याकडे आहेत, आणि ते जाण्याच्या तीन शब्दांशी जुळतात. ज्याच्या आत शिरता येते, तिथे शिरताना 'इन्टू' आणि निघताना 'आउट ऑव्ह': खिसा, खोली, विहीर. ज्याच्या वर चढता येते, तिथे चढताना 'ऑन्टू' आणि उतरताना 'ऑफ': भिंत, घोडा, सायकल. आणि जागेला आत-वर असे काहीच न मानता ती नुसता एक ठिकाणा धरली, तर 'टू' आणि 'फ्रॉम'. माणूस गिरणी'फ्रॉम' आला म्हटले, तर तो कुठून निघाला एवढेच कळते. गिरणी'आउट ऑव्ह' आला म्हटले की तो फाटक ओलांडताना डोळ्यांसमोर उभा राहतो. आतली जागा, हद्द आणि बाहेर, तिन्ही त्यात आले.

आता ह्यात वांधा कुठे येतो? आपण मोटारीतूनही उतरतो आणि बसमधूनही उतरतो. इंग्रज मात्र मोटारी'आउट ऑव्ह' उतरतो आणि बस'ऑफ' उतरतो. बसलाही छप्पर आहे, दार आहे. पण त्याच्या भाषेत मोटारीत माणूस 'इन' असतो आणि बसवर 'ऑन' असतो. आत जाताना जो शब्द, त्याची जोडी बाहेर येताना. आम्ही आमच्या मुलांना हेच सांगतो की निघायचा शब्द अडला तर आधी शिरायचा शब्द विचारा.

दुसरी खोच क्रियापदाची आहे. आपण म्हणतो, 'तो धावत बाहेर आला.' आले-गेले हे क्रियापद सांगते. कसा, ते 'धावत' सांगते. इंग्रजीत धावणे हेच क्रियापद होते आणि बाहेर येण्याचा सारा भार 'आउट ऑव्ह' ह्या लहानग्या शब्दांवर पडतो. म्हणून ती भाषा कोणत्याही क्रियापदाने माणसाला बाहेर काढू शकते. धुराने 'स्मोक्ड आउट', उपासमारीने 'स्टार्व्ह्ड आउट'. संपावर गेलेल्या माणसाला गोड बोलून फोडले, तर तो संपा'आउट ऑव्ह' 'टॉक्ड' झाला! हे वाक्य मराठीत करायला आम्हांला अर्धी ओळ लागते, आणि ते घडायला अर्धा चहा.

आमच्या धंद्यातले शब्द ह्याच नजरेने पाहावेत. 'लॉक-आउट'मध्ये मालक दाराला कुलूप लावतो आणि कामगार बाहेर राहतो. 'वॉक-आउट'मध्ये कामगार आपल्या पायांनी बाहेर पडतो. 'ले-ऑफ' मात्र 'आउट' नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे त्यात कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. मालक तेवढ्यापुरते काम देऊ शकत नसतो. हा फरक न कळून ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असे समजून गावी निघून गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

पुन्हा त्या कलमाकडे येऊ. जागेतून निघणे हा 'आउट ऑव्ह'चा मूळ अर्थ. त्यावरून कारणातून निघणे हा अर्थ झाला. भीतीतून, दयेतून असे आपणही म्हणतोच. म्हणून 'आउट ऑव्ह' हे कारण आणि 'इन द कोर्स ऑव्ह' हा काळ. आणि मधल्या 'अँड'मुळे दोन्ही सिद्ध करावी लागतात. ह्यावर माणसांची घरे तरली आणि बुडाली आहेत. १९५७ साली मुंबईत बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरीच्या डेपोत काम संपवून दुसऱ्या बसने घरी निघाला. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो पुढे दगावला. डेपोतून तो बाहेर आला होता. पण नोकरीतून बाहेर आला होता काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बहुमताने म्हटले की नाही. बसने फुकट जाण्याची सोय त्याच्या कामाशी बांधलेली होती. घरच्यांचा दावा टिकला. उलट बोटीवरून नाहीसा झालेल्या एका खलाशाच्या खटल्यात १९६९ साली निकाल विरुद्ध गेला. नाहीसा झाला तेव्हा तो नोकरीवर होता, 'इन' होता. पण मृत्यू नोकरी'आउट ऑव्ह' आला, ह्याला पुरावा नव्हता.

आमच्या त्या सहकाऱ्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याला वाचवले दुसऱ्या एका 'आउट'ने. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाचा मथळा होता 'कॉन्ट्रॅक्टिंग आउट', म्हणजे करार करून हक्कातून बाहेर पडणे. आणि असा करार रद्दबातल, असे ते कलम सांगत होते. सही केलेला कागद आड आला नाही. पैसे मिळाले, उशिरा मिळाले. बोटांचे बोलायला नको.

तो कायदा आता गेला. २०२० सालची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आली आहे. पण ते शब्द तिने जसेच्या तसे उचलले आहेत. शिवाय घराहून कामावर जाताना आणि कामाहून घरी येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामातूनच उद्भवला असे मानावे, असे तिच्यात लिहिले आहे. त्या वाक्यात घराला 'फ्रॉम' लावला आहे आणि कामाला 'आउट ऑव्ह'. प्रत संघटनेच्या कचेरीत ठेवली आहे. संध्याकाळी सहानंतर कोणीही यावे, शब्दकोशही तिथेच आहे.