देठाला कळतं

चिमे, ती कात्री बाजूला ठेव आणि इकडे ये. या पानाचा देठ बघ. हात मात्र लावू नको. हिचा रस अंगाला लागला की चुरचुरतं, कधी फोडही येतात. म्हणून तर छाटताना मी हातमोजे घालतो.

ही मोरवेल. कुणी हिला रानजाई म्हणतं, पण जाईची ही कुणीच नाही. ती आहे तुझ्या आजीच्या डब्यातल्या कलौंजीची नातलग. तुझी आत्या सिंहगडाच्या वाटेवरून पिकलेलं मूठभर बी घेऊन आली, तेव्हा मला वाटलं, सह्याद्रीच्या पावसाची ही लेक, आपल्या धाराशिवला कशी नांदणार? पहिलं रोप गेलंच. आपली काळी माती श्रावणात पाणी धरून बसते, मुळं कुजली. दुसऱ्या खेपेला खड्ड्यात मुरूम, वाळू आणि जुनं शेणखत घातलं, तेव्हा कुठे रोपानं जीव धरला.

मग मी मनगटाएवढा जाड बांबू रोवला. वेल वर चढायची आणि घसरून खाली यायची. चिंध्यांनी बांधलं, तरी तेच. शेवटी एक दिवस खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो. दोडक्याला गुंडाळलेले तणावे असतात, गोकर्णाचं खोडच काठीला पिळे घालतं. हिच्याकडे दोन्ही नाही. ही धरते पानाच्या देठानं! एवढासा देठ बांबूला कवेत घेणार कसा? बांबूवरून खाली सुतळ्या ताणल्या आणि चार दिवसांत बघतो तर एका देठानं सुतळीला पक्कं वेटोळं घातलेलं. मी आजीला हाक मारून दाखवलं.

ही काडी घे. कोवळ्या देठाच्या एका बाजूला हलकेच घास. लगेच काही दिसणार नाही. संध्याकाळी बघू, बहुतेक तो काडी लागली त्या बाजूला वाकलेला असेल. स्पर्श झालेली बाजू कमी वाढते, पलीकडची जास्त, म्हणून तो वळतो. धरायला काही मिळालं नाही, तर पुन्हा सरळ होतो. चार्ल्स डार्विननं 1865 साली वेलींच्या चालीवर सगळा अभ्यास छापला. तो या जातीच्या वेलींच्या देठांवर दोऱ्याचे हलके फास अडकवून बसायचा आणि देठ कधी वळतो ते टिपून ठेवायचा. केवढा धीर त्या माणसाचा! आणि देठाची मिठी एकदा बसली ना, की तो जाड होतो, लाकडासारखा कडक होतो. हा बघ, गेल्या वर्षीचा. पान कधीच गळून गेलं, पण सुतळी सोडलेली नाही.

हिचं डोकं उन्हात हवं आणि पाय सावलीत. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, जमिनीला भेगा पडतात, तेव्हा बुडाशी वीतभर सोयाबीनचं भुसकट पसरायचं आणि सकाळी बेतानं पाणी द्यायचं.

आता फूल बघ. या पांढऱ्या पाकळ्या वाटतात ना? त्या पाकळ्या नाहीतच. कळीला बाहेरून झाकणारी निदलं असतात, तीच इथं पांढरी होऊन पाकळ्यांचं काम करतात.

आणि ही तुझी लाडकी म्हातारी! रुईच्या म्हातारीचे केस बियांना फुटतात. हिचं तसं नाही. फुलाच्या मध्ये जी बारीक कुक्षिवृंतं असतात, ती फूल गळल्यावरही वाढत राहतात आणि त्यांचीच ही पिसासारखी शेपटी होते. खाली टोकाला फळ, आत एकच बी.

नाही, सगळ्या तोडू नको. चार कागदाच्या पुडीत आत्यासाठी ठेव. बाकीच्या वेलीवरच राहू दे. वारा आला की बघ, आधी कोणती सुटते ते.