तिच्या अक्षरातली गोष्ट

मैत्रिणींनो, नवऱ्याने लिहिलेले काही आपल्या अक्षरात उतरवून द्यायची पाळी तुमच्यावर कधी आली आहे का? अर्ज आणि वाण्याची यादी सोडा, मी एका गोष्टीबद्दल बोलतेय.

१९७४ सालची हकिकत. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एक प्राध्यापक अहमदाबादला परिषदेला गेलेले. व्याख्यान चालले होते रटाळ. म्हणून समोरच्या कागदावर त्यांनी गोष्टच लिहायला घेतली. नाव ‘कृष्णविवर’. पण आपले नाव बघून परीक्षकांनी झुकते माप द्यायला नको! म्हणून आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षरही ओळखीचे, तेव्हा सगळी गोष्ट बायकोकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले, हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर!

२० मे २०२५ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, पुण्यात ते गेले. पुढे शाळा सुरू झाल्यावर आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण तोंडात नगरच येते) वर्गात मी मुलींना हीच हकिकत सांगितली. एकीने लगेच विचारले, “बाई, पण लिहून दिलं त्या बाईंचं काय?”

खरेच, त्यांचे काय? मंगलाताई म्हणजे माहेरच्या राजवाडे. गणितात एम.ए., तेही सुवर्णपदक मिळवून. लग्नानंतर केंब्रिजला गेल्या, तिथे शिकवलेही. १९७२ साली कुटुंब मुंबईला परतले. मग मुली, सासू-सासरे, येणेजाणे. तुम्हाआम्हाला चुकले नाही ते त्यांनाही नाही. पण गणित सुटले नाही. १९८१ साली, लग्नाला पंधराएक वर्षे होऊन गेल्यावर, त्यांनी पीएच.डी. मिळवली. घर आधी आणि स्वतःचे काम मागून, ही आपल्या पिढीच्या पुष्कळ शिकलेल्या बायकांची कहाणी आहे, अशा अर्थाचे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

पुढे बालभारतीच्या गणित समितीच्या त्या प्रमुख झाल्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आले, तेव्हा केवढी टीका झाली! पण पोराला पाढे शिकवणाऱ्या आईला विचारा. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी, लिहिताना पाच आधी. मूल अडखळते ते इथेच. ही अडचण त्यांनी ओळखली होती.

जयंतरावांचे घडणेही घरातलेच. जन्म कोल्हापूरचा, १९३८चा. बालपण बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळे लावलेले. मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा त्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. दटावणी नाही, शिकवणी नाही. जाता-येता गणित दिसत राहायचे, एवढेच!

केंब्रिजला गुरू भेटले फ्रेड हॉईल. तेही आकाशाचा अभ्यास करता करता कादंबऱ्या लिहिणारे. तेव्हा विज्ञान एका खोलीत आणि कला दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी या शिष्याने केली नाही, यात नवल ते काय? १९६५ साली पद्मभूषण, १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ची उभारणी, आणि सोबत ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले, पण प्रकृतीमुळे जाता आले नाही.

मुलांनी सही मागितली की ते म्हणत, “पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल.” आणि खरोखर उत्तर लिहीत. एवढ्या व्यापातून!

मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. दोन वर्षांच्या आत तेही गेले.

त्या मुलीला मी सांगितले, “अगं, बक्षीस गोष्टीला मिळालं. पण अक्षर ज्यांचं होतं, त्यांनी पुढे स्वतःचंही लिहिलं.” मंगलाताईंच्या त्यागाचे नुसते कौतुक करून मोकळे होऊ नये, असे मला वाटते. त्यांनी वही मिटली नाही, ही गोष्ट मोठी.

तेव्हा या रविवारी एक करा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लहानसा फळा टांगा. वरच्या अर्ध्यात मुलांसाठी एक कोडे लिहा आणि सुटेपर्यंत पुसू नका. खालचा अर्धा मात्र तुमचा. तिथे दूधवाल्याचा हिशेब लिहायचा नाही, बरं का!